एका उमेदवारानं पक्ष बुडतो का?

जुना धंतोलीकर | विभाग: राजकारण

परवा काटोल रोडला एका तेरवीला गेलो होतो. जेवणं आटोपली, मंडपातल्या खुर्च्या मागे सरकल्या आणि गाडी नेहमीप्रमाणे गेलेल्या माणसावरून राजकारणावर आली. विषय होता प्रभागातला एक इच्छुक. (नाव लिहीत नाही. ते गृहस्थ इथे वाचायला येतात, अशी मला दाट शंका आहे.) एक जण म्हणाले, "ह्याला तिकीट दिलं तर पक्ष संपला समजा." चार माना डोलल्या. मी गप्प राहिलो, पण घरी येईस्तोवर डोक्यात तेच घोळत होतं. पक्ष असा संपतो? एका माणसानं?

पन्नासेक वर्षं निवडणुका बघतो आहे. "ह्याच्यापायी पक्ष संपणार" हे भाकीत दर निवडणुकीला ऐकलं. संपलेला पक्ष मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाच पाहिला.

या वादात अमेरिकेचं १९६४ हटकून निघतं. रिपब्लिकन पक्षानं बॅरी गोल्डवॉटर यांना उभं केलं. ॲरिझोनाचे सिनेटर, त्याच वर्षीच्या नागरी हक्क कायद्याविरुद्ध मत दिलेले, जिभेला लगाम नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या अधिवेशनात न्यूयॉर्कचे गव्हर्नर रॉकफेलर बोलायला उभे राहिले तर त्यांच्याच पक्षाच्या प्रतिनिधींनी हुर्यो उडवली. निवडणुकीत लिंडन जॉन्सन यांना ४८६ निर्वाचक मतं (राज्यागणिक मिळणारी, राष्ट्राध्यक्ष ठरवणारी), गोल्डवॉटर यांना ५२. पन्नासपैकी सहा राज्यं. भल्याभल्यांनी पक्षाची तेरवी उरकून टाकली. दोन वर्षांनी त्याच पक्षानं प्रतिनिधीगृहात ४७ जागा वाढवल्या आणि चार वर्षांनी निक्सन राष्ट्राध्यक्ष झाले.

१९१२ ला तर याहून वाईट. माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना पक्षाचं तिकीट मिळालं नाही, त्यांनी वेगळी चूल मांडली. पदावर असलेले टाफ्ट तिसरे आले, हाती आठ निर्वाचक मतं. आठ वर्षांनी त्याच पक्षाचे हार्डिंग दणक्यात निवडून आले.

मग खरोखर संपलं कोण? व्हिग पक्ष. १८४८ ला राष्ट्राध्यक्ष निवडून आणला, १८५२ ला जनरल स्कॉट यांना उभं केलं. ते एक नाव ठरवायला अधिवेशनात ५३ वेळा मतदान घ्यावं लागलं, यावरूनच घरातलं वातावरण कळतं. चार राज्यं मिळाली आणि पुढच्या चार वर्षांत पक्ष विरून गेला. पण त्याचं खापर स्कॉटवर फोडायचं का? गुलामगिरीवरून उत्तरेतले व्हिग आणि दक्षिणेतले व्हिग एका ताटात जेवेनासे झाले होते. १८५४ ला कॅन्सस-नेब्रास्का कायद्यानं उरलासुरला धागा तोडला, आणि त्याच वर्षी रिपब्लिकन नावाचं नवं घर बांधून तयार झालं. लिंकन मूळचे व्हिगच.

आपल्याकडे २०१५ ची दिल्ली घ्या. निवडणुकीच्या तोंडावर भाजपनं किरण बेदींना आणून थेट मुख्यमंत्रिपदाचा चेहरा केलं. जुनी मंडळी फुगून बसली, पक्ष ३१ वरून ३ वर आला. त्याच पक्षानं २०२५ ला तिथे ४८ जागा घेतल्या.

मला वाटतं ते असं. उमेदवार म्हणजे पाचर. लाकूड फुटणार की नाही हे लाकडातल्या चिरेवर ठरतं. आणि फुटलं तरी पक्ष मरतो तेव्हाच, जेव्हा नाराज माणसाला सामान उचलून जायला शेजारी दुसरं घर असतं. घर नसेल तर तो रुसतो, कुरकुरतो आणि पुढच्या वेळी परत येतो.

तुमचं काय मत? आजच्या पक्षांवर चिखलफेक नको. उदाहरणं द्या, भांडण नको.

---

बर्डीवाला

पक्ष बुडत नाही, उमेदवाराचं डिपॉझिट बुडते. धागा बंद करा. :)

---

वऱ्हाडी मिरची

काका, अमेरिकेला कशाला जाता? आपल्याच नागपूरचं डिसेंबर २०२१ विसरले काय? विधान परिषदेची स्थानिक स्वराज्य संस्थांची जागा. मतदार कोण, तर नगरसेवक आणि जिल्हा परिषद-नगर परिषदेचे सदस्य. भाजपकडून बावनकुळे. काँग्रेसनं भाजपमधून आलेले छोटू भोयर यांना उमेदवारी दिली आणि मतदानाला एक दिवस उरला असताना पाठिंबा फिरवून अपक्ष मंगेश देशमुखांना दिला. निकाल: बावनकुळे ३६२, देशमुख १८६, भोयर १.

एक! पक्षानं उमेदवारी दिलेल्या माणसाला एक मत. गोल्डवॉटरला निदान सहा राज्यं तरी होती.

---

जुना धंतोलीकर

मिरचीताई, हे मी मुद्दाम ठेवलं होतं, तुम्ही आधीच काढलं. पण पुढचंही लिहा ना. त्याच काँग्रेसनं वर्षभर आधी, २०२० मध्ये, नागपूर पदवीधरची जागा जिंकली होती, जी वर्षानुवर्षं भाजपची हक्काची. आणि २०२४ च्या लोकसभेत विदर्भातल्या दहापैकी पाच जागा काँग्रेसच्या. एका मताचा उमेदवार मध्ये येऊन गेला, पक्ष तिथंच.

---

वऱ्हाडी मिरची

अन् त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात राज्यात २८८ पैकी १६. तिथंच म्हणजे नेमका कुठं, तेवढं सांगा.

---

आकडेशास्त्री

धंतोलीकर, दिल्लीचं उदाहरण तुम्ही चुकीच्या कारणासाठी वापरलंत. जागा ३१ वरून ३ झाल्या हे खरं, पण मतं बघा. २०१३ ला भाजपला सुमारे ३३ टक्के, २०१५ ला सुमारे ३२. एक टक्का इकडेतिकडे. म्हणजे बेदींमुळे भाजपचा मतदार पळाला हेच मुळात सिद्ध होत नाही. पळाला तो काँग्रेसचा: साडेचोवीसवरून दहाच्या खाली. ती मतं एकगठ्ठा 'आप'कडे गेली आणि ७० पैकी ६७ जागा त्यांच्या झाल्या.

आपल्या पद्धतीत जागा आणि मतं यांचं नातं फार लबाड आहे. हरलेल्या पक्षाला बळीचा बकरा लागतो आणि उमेदवार हाताशी असतो. उमेदवारानं पक्ष बुडवला असं म्हणताना आधी मतांची टक्केवारी काढायची, मग तोंड उघडायचं, एवढा नियम मी तरी पाळतो.

कॅनडाचं १९९३ याच्या उलट. तिथल्या प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाकडे स्पष्ट बहुमत होतं, निवडणुकीनंतर उरल्या २ जागा. पंतप्रधान किम कॅम्पबेल स्वतःही पडल्या. तिथे मतं खरोखर गेली, कारण पश्चिमेत रिफॉर्म पक्ष आणि क्यूबेकमध्ये ब्लॉक क्यूबेक्वा अशी दोन घरं बांधून तयार होती. दहा वर्षांनी त्या पक्षाला दुसऱ्यात विलीन व्हावं लागलं. तेव्हा तुमचं 'दुसरं घर' मला मान्य, उदाहरण अमान्य.

---

जुना धंतोलीकर

मान्य. दिल्ली मागे घेतो.

---

ओहायोची वैदेही

मूळची प्रतापनगरची, सोळा वर्षं झाली इकडे. थोडं इथलं सांगते.

तिकडे बसून वाचताना एक गोष्ट सुटते. इथे उमेदवार पक्ष ठरवत नाही. प्रायमरीत साधे मतदार ठरवतात, आणि पक्षाच्या मोठ्या लोकांनी कितीही डोकं आपटलं तरी त्यांच्या हातात फारसं काही नसतं. २०१६ ला रिपब्लिकन पक्षाचे बहुतेक सगळे वजनदार लोक ट्रम्प यांच्या विरोधात होते. अधिवेशन आमच्या क्लीव्हलंडला झालं. टेड क्रूझ व्यासपीठावर गेले आणि ट्रम्पना मत द्या असं न म्हणता विवेकबुद्धीला स्मरून मत द्या म्हणाले. सभागृहानं त्यांची हुर्यो उडवली. तेव्हा ऑफिसात रोज जेवताना एकच चर्चा, आता हा पक्ष फुटणार.

फुटला नाही. हरला, २०२० ला. जिंकला, २०२४ ला, ३१२ निर्वाचक मतांनी. पण मधल्या काळात जे झालं त्याला काय म्हणायचं ते तुम्ही सांगा. जानेवारी २०२१ मध्ये ट्रम्प यांच्यावरच्या महाभियोगाच्या बाजूनं मत देणारे प्रतिनिधीगृहातले रिपब्लिकन होते दहा. २०२२ च्या निवडणुकीनंतर त्यातले दोनच सभागृहात उरले. काहींनी उभं राहणंच सोडलं. लिझ चेनी, माजी उपराष्ट्राध्यक्षांची मुलगी, वायोमिंगच्या प्रायमरीत साफ आपटल्या. २०२४ ला पक्षाच्या राष्ट्रीय समितीच्या सहअध्यक्ष कोण, तर ट्रम्प यांची सून.

धंतोलीकर काका, तुमचं पाचरीचं उदाहरण इथे लागू पडत नाही. पाचर लाकडाबाहेर पडलीच नाही, तिचंच लाकूड झालं. घरावर पाटी जुनी, हत्तीचं चिन्ह जुनं, मालक नवा. जुना भाडेकरू रस्त्यावर. घर पडलं का? नाही. त्या माणसाचं घर गेलं का? हो.

---

महालातला म्हातारा

वैदेही, विवेकबुद्धीला स्मरून मत हे वाचून हसू आलं. आम्ही हे १९६९ लाच पाहून बसलो आहोत. राष्ट्रपतिपदासाठी काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी. इंदिराबाईंना ते नको होते. त्या म्हणाल्या, अंतरात्म्याचा आवाज ऐका. आमदार-खासदारांनी ऐकला आणि अपक्ष व्ही. व्ही. गिरी दुसऱ्या पसंतीच्या मतांवर निवडून आले. ऑगस्टमध्ये निकाल, नोव्हेंबरात काँग्रेसचे दोन तुकडे.

आता सांगा, दुफळी कोणी माजवली? उमेदवार रेड्डी तर गरीब बिचारे. भांडण उमेदवाराचं नव्हतंच, पक्ष कोणाचा हे ठरवायला एक निमित्त हवं होतं ते मिळालं.

त्यानंतर १९७८. जानेवारीत पुन्हा फूट आणि लगेच विधानसभेच्या निवडणुका. महाराष्ट्रात दोन काँग्रेस एकमेकींविरुद्ध. जनता पक्ष ९९, एक काँग्रेस ६९, इंदिरा काँग्रेस ६२. पश्चिम महाराष्ट्र दुसऱ्या बाजूला, पण आमच्या विदर्भानं बाईंना सोडलं नाही. मग दोघी एकत्र आल्या, वसंतदादा मुख्यमंत्री, आपले भंडाऱ्याचे नाशिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री. चार महिने चाललं आणि शरद पवार बाहेर पडले, पुलोद म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाचं सरकार आलं. त्या वर्षी चितारओळीत गणपतीची माती मळतानाही लोक हेच बोलत होते, काँग्रेस संपली. १९८० ला इंदिरा काँग्रेसचे १८६ आमदार.

---

कायद्याचा किडा

वैदेहींच्या मुद्द्याला जोड. तिकडे प्रायमरी, इकडे एबी फॉर्म. पक्षाचा अधिकृत पदाधिकारी सही करून देतो तो कागद, तोच उमेदवार. मतदाराला किंवा साध्या सदस्याला कोणी विचारत नाही. म्हणून आपल्याकडे वादग्रस्त उमेदवार आला तर राग उमेदवारावर कमी आणि फॉर्म देणाऱ्यावर जास्त निघतो. अमेरिकेत मतदार मतदाराशी भांडतो, आपल्याकडे कार्यकर्ता नेत्याशी.

आणि एक. आपल्याकडे पक्ष निवडणुकीत फुटतच नाही, निवडणुकीनंतर फुटतो. २०२२ ला शिवसेनेच्या ५५ पैकी ४० आमदार बाहेर पडले. १७ फेब्रुवारी २०२३ ला निवडणूक आयोगानं पक्षाचं नाव आणि धनुष्यबाण शिंदे यांच्याकडे दिला. राष्ट्रवादीचं तेच, ६ फेब्रुवारी २०२४. यात वादग्रस्त उमेदवार कुठे आहे? सगळे रीतसर तिकीट मिळालेले, रीतसर निवडून आलेले. पक्षाला धोका पडलेल्या उमेदवारापासून कमी आणि निवडून आलेल्यापासून जास्त.

चिन्हाचा मुद्दा तर वेगळ्या धाग्याचा आहे. काँग्रेसची बैलजोडी फुटीनंतर गोठवली गेली, मग गायवासरू आलं, मग १९७८ ला पंजा. दोनदा चिन्ह बदलून पक्ष जगला.

---

बर्डीवाला

रामटेक विसरू नका. २०१९ ला आशिष जयस्वाल अपक्ष उभे राहिले, भाजपच्या तेव्हाच्या आमदाराला पाडून आले. २०२४ ला तेच जयस्वाल शिंदेसेनेचे अधिकृत, अन् बंडखोर होते काँग्रेसचे मुळक. या टायमाला बंडखोर पडला. एकच मतदारसंघ, दोन निवडणुका, दोन्ही बाजूचा अभ्यासक्रम पूर्ण.

---

इंदोऱ्याहून

बराच वेळ वाचत होतो. दोन गोष्टी खटकल्या.

पहिली. दुफळी माजवणारा उमेदवार हा शब्द नेहमी वापरतो कोण? जो आधीपासून आत बसलेला आहे तो. बाहेरच्याला आत घेतलं की आतल्याला दुफळी दिसते. आमच्या वस्तीतून कोणी पहिल्यांदा खुल्या जागेवर तिकीट मागितलं की "समाजात तेढ निर्माण होईल" हे वाक्य ऐकायला मिळतं. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. तेव्हा आधी ठरवा, फूट तो माणूस पाडतो की त्याला न खपवून घेणारे पाडतात.

दुसरी जास्त महत्त्वाची. धंतोलीकर, तुम्ही लिहिलंत, गोल्डवॉटर पडले आणि चार वर्षांत पक्ष सावरला. कोणासाठी सावरला? १९६० ला निक्सन यांना कृष्णवर्णीय मतदारांची तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास मतं होती. लिंकनचा पक्ष म्हणून घराघरात जुनी निष्ठा होती. १९६४ ला ती दहा टक्क्यांच्याही खाली गेली. साठ वर्षं झाली, ती मतं परतली नाहीत. बदल्यात दक्षिणेतले गोरे आले: मिसिसिपीत गोल्डवॉटर यांना ८७ टक्के मतं होती, हे का नाही लिहिलं? पक्ष मेला नाही, त्यानं माणसं बदलली. जे बाहेर गेले त्यांच्यापुरता तो मेलाच. पक्ष जगला की बुडाला हे मोजायचं तर आतून कोण गेलं ते आधी विचारा.

आणि राहता राहिला बुडण्याचा प्रश्न, तर आमचाच पक्ष बघा ना. भारतीय रिपब्लिकन पक्ष १९५७ च्या ऑक्टोबरात स्थापन झाला तो याच नागपुरात, बाबासाहेबांनी जिथे दीक्षा दिली त्या गावात. १९९८ ला गट एकत्र आले, काँग्रेसशी समझोता झाला आणि चार खासदार आले, तेही खुल्या जागांवरून: अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे, मुंबईतून रामदास आठवले. त्या दिवशी कमाल चौकात जो गुलाल उडाला तो मी उडवला आहे. दीडेक वर्षात पुन्हा लोकसभा लागली तोवर ऐक्य गेलं होतं. एकही उमेदवार वाईट नव्हता. चौघं निवडून आले होते! पक्ष गेला तो चार चांगल्या उमेदवारांनी.

---

आकडेशास्त्री

इंदोऱ्याहून, तुमची दुसरी गोष्ट मी उतरवून घेतली. टक्केवारी काढणाऱ्यानंही आतलं मत कोणाचं ते बघत नाही कधी कधी.

---

जुना धंतोलीकर

इंदोऱ्याहून, तुम्ही बरोबर पकडलंत. मिसिसिपीचा आकडा मला माहीत होता आणि तरी मी लिहिला नाही, कारण तो माझ्या मुद्द्याच्या आड येत होता. हे कबूल करतो. 'सावरला' हा शब्द मी पाटीकडे बघून लिहिला.

---

अजनी लोको शेड

एवढा अभ्यास करता तर मूळ धाग्यातल्या माणसाचं नाव घ्या ना. घाबरता काय? पक्ष कोणता तेवढं तरी सांगा.

---

जुना धंतोलीकर

घाबरतो. त्यांच्या चुलतभावाकडे माझा प्लॉट अडकला आहे.

---

महालातला म्हातारा

मला एक नाव राहून राहून आठवतं, जांबुवंतराव धोटे. इथल्या तरुण मुलांना ठाऊक नसेल. १९७१, इंदिराबाईंची लाट, देशभर "गरिबी हटाव", आणि नागपूरनं लोकसभेवर कोणाला पाठवलं? फॉरवर्ड ब्लॉकच्या धोट्यांना. विदर्भ वेगळा झाला पाहिजे हा एकच ध्यास. दाढी, आवाज, आणि सभेला माणूस मावत नसे. दुफळी म्हणाल तर ते स्वतः चालतीबोलती दुफळी होते, घरात बाप एकीकडे आणि पोरगा त्यांच्या सभेला.

आता गंमत अशी की तो फॉरवर्ड ब्लॉक मुळात काँग्रेसमधल्याच भांडणातून निघालेला. १९३९ ला सुभाषबाबू अध्यक्षपदाला पुन्हा उभे राहिले, गांधीजींची पसंती पट्टाभी सीतारामय्यांना होती. सुभाषबाबू १५८० मतं घेऊन जिंकले, पट्टाभींना १३७७. जिंकूनही काही महिन्यांत राजीनामा द्यावा लागला आणि मग त्यांनी फॉरवर्ड ब्लॉक काढला. जिंकलेला उमेदवार गेला, पक्ष राहिला.

आणि नागपुरात? १९८० ला धोटे पुन्हा खासदार झाले, इंदिरा काँग्रेसचे. ते तिकडे गेले आणि इथला फॉरवर्ड ब्लॉक त्यांच्याबरोबर गेला. कार्यालयाला कुलूप लागलं असंही म्हणता येत नाही, कारण कार्यालय म्हणजे तेच होते. तेव्हा धंतोलीकर, भांडकुदळ उमेदवारानं मोठा पक्ष बुडत नाही, पण एका माणसाचा पक्ष असेल तर तो लाडक्या उमेदवारानंही बुडतो.

---

बूथवाला

मी तुमच्यासारखं इतिहासातलं नाही सांगू शकत जी. बावीस वर्षं झाले बूथ पाहून राहिलो. पक्षाचं नाव नाही घेत, प्रभागाचंही नाही घेत, म्हातारपणी ताप नको.

महापालिकेच्या एका निवडणुकीत आमच्या इथं एका पोट्ट्याले तिकीट भेटलं. आठ दिवसाआधी समोरच्या पक्षात होता. त्याच्या मोर्च्यात आमच्या माणसाची गाडी फुटली होती, ते प्रकरण अजून ताजं. आमच्यातला एक जण पंधरा वर्षांपासून लाईनीत उभा होता, त्याले फोनही नाही आला. व्हॉट्सॲपवर यादी आली, तीत कळलं.

तुम्हाले वाटते मंग भांडण झालं असेल. काही नाही झालं. कोणी राजीनामा नाही देल्ला, कोणी दुसऱ्या पक्षात नाही गेलं, अपक्ष फॉर्म नाही भरला. दुसरं घर वगैरे आम्हाले नाही दिसलं. आम्ही आमच्याच घरी बसलो.

बूथवर काय असते ते सांगतो, मंग समजते. मतदार यादी भेटली का ती घेऊन घरोघरी जावं लागते. कोण मेलं, कोण पुण्याले गेलं, कोणाची पोरगी लग्न होऊन आली. चिठ्ठ्या वाटाव्या लागते. मतदानाच्या दिवशी बाहेर टेबल, आत एजंट, तो पहाटेच मॉक पोलले पाहिजे. दुपारनंतर खरं काम. आतून कागद येते, कोणत्या कोणत्या नंबरचं मत पडलं. यादीवर टिका मारायच्या अन् राह्यलेल्या घरी माणूस पाठवायचा. म्हातारी असली तर ऑटो. जेवून झोपलेल्याले उठवायचं. हे पैशानं होत नाही. पैशानं पोट्टे भेटते, पण कोणत्या घरी कोणती म्हातारी हे त्याहिले माहीत नसते.

त्या वर्षी याद्यांचा गठ्ठा माझ्याकडे आला. मी दिवाणाखाली टाकला. कोणी विचारलं तर चालू आहे म्हणून सांगितलं. मतदानाच्या दिवशी टेबल लागला, त्यावर भाड्याचे दोन पोट्टे मोबाईल पाहत बसले. मी सकाळी मत टाकून आलो, त्यालेच टाकलं, पक्षाचं चिन्ह होतं न. अन् घरी येऊन झोपलो. दुपारी चारले डोळा उघडला तर बायको म्हणे, आज कसे काय घरी.

साडेतीनशे मतानं पडला.

आकडेवाल्या भाऊंनी सांगितलं मतं मोजा म्हणून. ही मतं कुठं गेली सांगू? कुठंच नाही गेली. पंख्याखाली झोपली होती.

---

वऱ्हाडी मिरची

बाप्पा.

---

ओहायोची वैदेही

बूथवाले काका, मग पक्ष सोडला का तुम्ही?

---

बूथवाला

नाही न. पुढच्या टायमाले तोच पोट्टा, तेच तिकीट. टेबल मीच लावला. निवडून आला.

मधल्या काळात माझ्या मायची तब्येत बिघडली होती, मेडिकलले भरती. रात्री दीड वाजता दोन बाटल्या रक्त पाहिजे. ज्याच्यासाठी आम्ही घरी बसलो होतो त्या लाईनीतल्या माणसाले फोन केला, त्यानं उचलला नाही. ह्यानं उचलला. स्वतः आला, संगं चार पोट्टे आणले. माय राह्यली नाही, ते वेगळं. तेरवीलेही आला, पंगतीत वाढत होता. मी त्याच्याशी बोललो नाही त्या दिवशीही.

---

जुना धंतोलीकर

बूथवाले, मूळ धागा लिहिताना माझ्या डोक्यात दोनच माणसं होती, पक्षात राहणारा आणि पक्ष सोडणारा. पक्षात राहून दिवाणाखाली गठ्ठा ठेवणारा हा तिसरा माणूस मी धरलाच नव्हता, आणि आता जुन्या निवडणुका आठवल्या की तोच सगळीकडे दिसतो. १९६४ ला रॉकफेलरचे लोक काय दुसऱ्या पक्षात गेले असतील? आपल्या न्यूयॉर्कच्या घरी पंखा लावून पडले असतील.

त्या तेरवीत मान डोलवणाऱ्या चौघांपैकी दोघं बूथ सांभाळतात. आता कळलं ते काय सांगत होते.

---

कायद्याचा किडा

एबी फॉर्म देणाऱ्यांना हा प्रतिसाद लॅमिनेट करून पाठवायला हवा.

---

अजनी लोको शेड

प्लॉट कोणत्या लेआउटमध्ये आहे काका?

---

जुना धंतोलीकर

ते सांगितलं की नाव कळतं. चतुर आहात.

---

इंदोऱ्याहून

बूथवाले दादा, एक विचारतो. त्या याद्यांचं काय केलं मग?

---

बूथवाला

दोन वर्षं होत्या दिवाणाखाली. बायकोनं दिवाळीच्या साफसफाईत काढल्या, रद्दीवाल्याले दिल्या. दहा रुपये किलो. पावणेतीन किलो भरल्या.

नवीन यादी आली परवा. आमच्या गल्लीतले अकरा जण मेलेले अजून जिवंत आहेत तिच्यात. उद्या सकाळपासून फिरतो.